पंचवीसच्या खाली

१२ जुलै १९८६, पांढुर्णा

बाबांनी ही वही आणून दिली. म्हणाले, नोकरी लागलेल्या माणसानं रोजचं रोज लिहावं. मी म्हटलं, नोकरी रोजंदारीची आहे, वही पक्क्या बाइंडिंगची आणली म्हणून ती पक्की होते का? ते हसले नाहीत. भाऊराव मिस्त्री माझ्या थट्टेवर हसत नाहीत, हा आमच्या घरचा कायदाच आहे.

तर लिहिते. मी सुधा, बी.एस्सी., फिल्टर प्लांटवर पाणी तपासणारी. माझं यंत्र म्हणजे लोखंडी तिवईवर उभी केलेली काचेची लांब नळी आणि तिच्याखाली एक मेणबत्ती. अंधाऱ्या खोलीत नळीत पाणी ओतत जायचं आणि वरून आत पाहत राहायचं. ज्योत दिसेनाशी झाली की थांबायचं. पाणी जितकं गढूळ, तितकी ज्योत लवकर जाते. नळीवर आकडे कोरलेले आहेत, त्या एककाला जे.टी.यू. म्हणतात. नळी काठोकाठ भरूनही ज्योत राहिली तर पाणी पंचवीसच्या खाली, म्हणजे आमच्या साहेबांच्या हिशेबानं पास. पंचवीसच्या खाली नेमकं किती, ते मेणबत्तीला समजत नाही. पुस्तकात आता एन.टी.यू. नावाचं नवं एकक आलं आहे. ते विजेच्या यंत्रावर मोजतात, आणि त्यात एक-दोनसुद्धा कळतो. ते यंत्र छिंदवाड्याला तरी आलं का, कोण जाणे. आमचं आपलं मेणबत्तीवर चाललं आहे.

मला हे काम फार आवडतं. ज्योत कापसाच्या बोंडासारखी फुललेली दिसते आणि पाणी चढलं की हळूहळू विरून जाते.

१५ जुलै

आमच्या भीमटोल्यात नळाची लाइन येऊन पोचली. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. त्याच दिवशी टोल्यातली जुनी विहीर बुजवायला घेणार आणि तिच्यावर सिमेंटचा ओटा बांधणार, असं वॉर्डाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं आहे. ती विहीर मी जन्मायच्या आधी बाबांनी आणि रामाजी काकांनी खोदली, बांधली. गावच्या विहिरीवर तेव्हा आमच्या लोकांना चढू देत नसत.

विहीर बुजवायच्या आधी नळाचं पाणी पिण्यालायक आहे असा कागद लागतो. तो मी द्यायचा आहे. वसंतराव, म्हणजे आमच्या प्लांटचे वॉल्व्ह सोडणारे, म्हणाले की आपल्याच मोहल्ल्याचा कागद आपल्याच हातानं, नशीबवान हाय तू. बाबांना सांगितलं तर त्यांनी जेवताना एक भाकर जास्त खाल्ली.

२१ जुलै

आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळाभर रोज चालणारं धम्मग्रंथाचं वाचन सुरू झालं. पहिल्या दिवशी मीच वाचावं असं रामाजी काकांनी सांगितलं. पुस्तक हातात घेतलं की मी अडखळत नाही. माय मात्र घरी आल्यावर म्हणाली, वाचून झालं की लोकाइकडे अशी डोये बारीक करून काऊन पायते वं? बायका म्हणतात, सुधी शिकली अन् गर्वानं फुगली. घ्या! आता माझ्या तोंडालाही कागद लागणार का?

आज नळाला पहिल्यांदा पाणी सोडून पाहिलं. मी बाटली भरून प्लांटवर नेली. नव्वद आलं. मला वाटलं, पहिलं पाणी आहे, पाइपातली माती असेल. मग प्लांटच्या टाकीतलं पाहिलं, तर तेही चाळीस.

२५ जुलै

तीनदा मोजलं. नळाचं नव्वदच्या आसपास, टाकीचं चाळीस. टाकीचं चाळीस म्हणजे सगळं गावच नापास.

अनिल साहेबांना सांगितलं. आमचे इंजिनिअर साहेब माणूस वाईट नाहीत, पण प्रत्येक गोष्टीत घाई. ते स्वतः अंधाऱ्या खोलीत आले. मी टाकीचं पाणी ओतत गेले आणि चाळीसच्या खुणेवर म्हटलं, गेली. साहेब वाकले. म्हणाले, दिसते आहे. मी आणखी ओतलं. अजून दिसते आहे. नळी भरली तरी दिसते आहे! मग वसंतरावांना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाले, हाय ना जी, चांगली टोकदार हाय.

टोकदार म्हणे! साहेबापुढं शेपूट हलवायची तर इतकी? दोघांचं आधीच ठरलेलं असणार. मी पुन्हा पाहिलं, मला काही दिसलं नाही. भीमटोल्याची बाटली तर साहेबांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, जिला टाकीतलं स्वच्छ पाणी गढूळ दिसतं, तिच्या बाकीच्या आकड्यांचं मी काय करू? दहा तारखेपर्यंत कागद द्या, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस पाहतो.

मी म्हटलं, खोटा कागद देणार नाही. साहेबांनी छत्री उचलली आणि गेले.

२८ जुलै

घरी कळलं. मी सांगायच्या आधीच मोहल्ल्याला कळलं होतं.

बाबांनी इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही, पण त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं. खाटेवर बसून, जमिनीकडं पाहत म्हणाले, "जलमभर आपल्याले येगळं पाणी देल्लं. आता बाजारातल्या लोकाइचं अन् आपलं एकाच टाकीतून येऊन राहिलं, तर माही पोरगीच म्हणते गढूळ हाय."

मी म्हटलं, टाकी एक असेल बाबा, पण आपल्या नळापर्यंत येता येता ते पाणी तसं राहत नाही. ते म्हणाले, मंग टाकीचंबी गढूळ म्हणून काऊन सांगतलं? टाकीचं चाळीस आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाजूच्या कुसुमवहिनीनं नळ आल्याच्या आनंदात दोन दिवस तेच पाणी भरलं. तिच्या धाकटीला जुलाब लागलेत. वहिनी म्हणते, पावसाळ्यात लागतातच. मी तिला म्हटलं, विहिरीचंच पाणी पाज, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तिच्या हातातला नळच काढून घेतला.

कुणी काही म्हणो. विहीर बुजली आणि हेच पाणी राहिलं तर प्यायचं काय? सही करणार नाही म्हणजे नाही.

२ ऑगस्ट

वसंतराव माझ्याशी बोलत नाहीत. मीही नाही. बाजारात समोरून गेले म्हणे, माय सोबत होती. ती म्हणाली, त्यायनं हात केला, तू पाह्यलंबी नाही. मी म्हटलं, केला असता तर दिसला असता. त्यांनी केलाच नसेल, मायला सगळ्यांचं चांगलंच दिसतं.

डोकं फार दुखतं संध्याकाळी. मनस्तापानं दुखत असणार.

आता एकच उपाय. सौंसरला उर्मिला बाई आहेत. मला अकरावीत विज्ञान शिकवायच्या, पुढच्या बाकावर बसवून घ्यायच्या. नळी घेऊन त्यांच्याकडं जायचं. त्या कुणाच्या बाजूच्या नाहीत. त्यांनी माझा आकडा खरा म्हटला की साहेबांची बोलती बंद.

६ ऑगस्ट, सौंसर

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही, पण वहीला खोटं सांगून कोणाचं भलं व्हायचं आहे?

सकाळी नळी गोधडीत गुंडाळून स्टँडवर गेले. सौंसरची गाडी उभी होती, चढले. बरीच पुढं गेल्यावर कंडक्टर आला, तिकीट म्हणाला. मी म्हटलं सौंसर. तो हसायलाच लागला. ही मोहगावची गाडी, बाई, पाटी वाचता नाही येत का? अख्ख्या गाडीसमोर मी त्याला सुनावलं की मी बी.एस्सी. आहे, पाटीच नीट रंगवलेली नसेल. मोहगावला उतरून पाटी पाहायला मुद्दाम गाडीच्या तोंडापर्यंत गेले. अक्षरं हातभर मोठी होती. मला वाटलं, गर्दीत लक्ष गेलं नसेल.

मोहगावहून दुसरी गाडी धरून सौंसरला पोचले तर दुपार टळली होती. उर्मिला बाईंनी आधी जेवायला वाढलं, मग ऐकून घेतलं. त्यांच्या धान्याच्या खोलीत अंधार केला. पाणी त्यांच्याच माठातलं, उकळून पातळ कापडातून चार वेळा गाळलेलं. म्हणाल्या, आता याच्याहून स्वच्छ पाणी मी देऊ शकत नाही. मी ओतत गेले. नळी अजून भरायची होती, आणि मी म्हटलं, गेली.

बाईंनी पाहिलं. मला बाहेरच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, दारात उभी राहा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजचा वार कोणता ते सांग. मी म्हटलं, त्या फोटोवाल्या का? बाई म्हणाल्या, "सुधा, तो फोटो नाही. माझ्या नवऱ्याचा कोट टांगलाय तिथं. कॅलेंडर त्याच्या बाजूला आहे."

मग त्यांनी कपाटातून आपला जुना चष्मा काढला आणि माझ्या नाकावर ठेवला.

मी आधी बाहेर पाहिलं. अंगणात संत्र्याचं झाड होतं, त्याला सुटी सुटी पानं होती. मग धान्याच्या खोलीत गेले, नळीत वाकले. नळी काठोकाठ भरली होती आणि तळाशी ज्योत होती. ज्योतीला टोक असतं. बोंडासारखी नसतेच ती.

वसंतराव खरं बोलत होते. साहेब खरं बोलत होते. टाकीचं पाणी पास होतं, आणि मी सगळ्या गावाला नापास करत बसले होते. मी रडले. बाईंना वाटलं दुःखानं. मला स्वतःचा इतका राग आला होता की नळी फोडावीशी वाटली. रात्रभर इथंच राहायचं ठरलं आहे. बाई म्हणतात, नवा चष्मा बनायला महिना तरी लागेल, तोपर्यंत हा घेऊन जा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. माझे डोळे दोन्ही बाटल्यांना सारखेच अधू होते. मग टाकीचं चाळीस आणि नळाचं नव्वद, एवढा फरक आला कुठून?

८ ऑगस्ट, पांढुर्णा

सकाळी आधी वसंतरावांकडं गेले. माझं चुकलं म्हटलं, दिसत नव्हतं म्हटलं. त्यांनी चष्म्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे तू मले रोज रागानं पायत नव्हती?" मी म्हटलं, नाही जी, ओळखायचा प्रयत्न करून राहिली होती. हसता हसता त्यांच्या हातातली तंबाखू सांडली. मग म्हणाले, चाल, आणू तुह्या टोल्याचं पाणी.

आणलं. गाळ तळाशी बसू न देता बाटली नीट हलवून घेतली. आधी टाकीचं ओतलं. नळी भरली, ज्योत टोकासकट होती. पंचवीसच्या खाली. मग भीमटोल्याचं. साठवर माझी ज्योत गेली. वसंतरावांना सांगितलं नाही, त्यांना वेगळं पाहायला लावलं. त्यांचीही साठवरच गेली.

म्हणजे माझा आकडा चुकला, पण माझं म्हणणं नाही. पाणी टाकीत स्वच्छ आहे आणि आमच्या नळाला गढूळ आहे. मधल्या लाइनीत काहीतरी झालं आहे. हेच मी साहेबांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. माझ्या डोळ्यांनी मध्ये गोंधळ घातला.

९ ऑगस्ट

साहेबांपुढं उभी राहिले. आधी माझी चूक कबूल केली, मग नवे आकडे सांगितले. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "परवा तुमचे डोळे खराब, आज पाणी खराब. उद्या काय?"

मी म्हटलं, माझ्यावर नाही तर वसंतरावांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. ते म्हणाले, वॉल्व्ह सोडणाऱ्याच्या सहीनं कागद होत नाही. पत्रिका छापून झाल्या आहेत, पुढारी रोज माणूस पाठवतात. उद्या कागद नाही आला तर परवा दुसरा माणूस सही करेल. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. ते जास्त लागलं.

चांगली डोळसपणानं सांगायला गेले, तर आता कोणी ऐकायला तयार नाही. काही हरकत नाही. या यंत्राला फक्त एक मेणबत्ती आणि एक डोळा लागतो. तो डोळा माझाच पाहिजे असं कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

१० ऑगस्ट

कागद दिला नाही. संध्याकाळी रामाजी काकांना विचारलं, उद्या वाचन झाल्यावर विहारात नळी मांडू का? ते म्हणाले, मेणबत्ती तं आपल्याकडं रोजच पेटते, एक नळीखाली पेटली तं काय झालं. बाबा बाजूलाच बसले होते. ते उठून गेले.

११ ऑगस्ट

वाचन संपलं, दिवा मालवला, दारं लोटली. सगळा टोला जमला होता. वसंतरावही आले, त्यांनी आकडा वाचायचा. मी आधीच सांगून टाकलं की मी नळीत पाहणार नाही. मी फक्त ओतणार. जो पाहील त्यानं ज्योत जाताच 'गेली' म्हणायचं, मी थांबेन.

आधी विहिरीचं पाणी. नळी भरली, एकामागून एक सगळ्यांनी पाहिलं, ज्योत गेली नाही. रामाजी काका वाकले आणि म्हणाले, मले तं पयल्यापासूनच नाही दिसून राहिली. मोतीबिंदू आहे त्यांना. सगळे हसले, आणि त्या हसण्यानं माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

मग नळाचं. कुसुमवहिनी वाकली. मी ओतत गेले. ती एकदम म्हणाली, गेली. वसंतरावांनी वाचलं, साठ. टोल्यातल्या उत्तमभाऊचीही साठच. मायची साठच्या थोडी वर. दरवेळी नळी रिकामी करून पुन्हा ओतलं. कुसुमवहिनी बाजूला जाऊन उभी राहिली आणि लेकीला पोटाशी धरलं.

शेवटी बाबा उठले. मला वाटलं निघून जातात. ते नळीपाशी आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मी ओतायला लागले. मग बाबा हळूच म्हणाले, गेली. वसंतरावांनी आकडा वाचलाच नाही, तो सगळ्यांना माहीत होता.

बाबा सरळ उभे राहिले. "नळ मले पाह्यजेच," म्हणाले. "पण बाजारात येते तेच पाणी पाह्यजे. याच्याहून कमी नाही घेत."

१२ ऑगस्ट

साहेबांचा दुसरा माणूस आला नाही. कुसुमवहिनी आणि बायका सकाळीच प्लांटवर जाऊन बसल्या होत्या. त्यांनी साहेबांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि भीमटोल्याच्या पाण्यात पाहायला लावलं. साहेब वाकले. 'गेली' म्हणाले. ही बाटली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, लाइन उकरावी लागेल. मी म्हटलं, हो साहेब. जास्त काही बोलले नाही. आधी पाणी, मग माझा मान.

१४ ऑगस्ट

लाइन बाबांनीच शोधली. विहिरी बांधणारा माणूस, जमिनीत पाणी कुठं हलतं ते त्यांना पावलांनी कळतं. रेल्वेच्या पटरीजवळ पाइप नाल्यातून जातो. तिथं उत्तमभाऊ आणि पोरांनी चिखल उपसला. सांधा उघडा होता. ठेकेदाराच्या माणसांनी तो नुसता बसवून वर माती लोटलेली. नळ चालू असला की पाणी बाहेर, बंद झाला की नाल्याचं पाणी आत. साहेब बूट काढून चिखलात उतरले, हात घालून पाहिलं. पुढाऱ्यांना त्यांनी स्वतःच निरोप पाठवला की उद्घाटन होणार नाही.

वर आल्यावर साहेब मला म्हणाले, ती बाटली त्या दिवशी उघडायला पाहिजे होती. मी म्हटलं, मी चष्मा लावून यायला पाहिजे होतं.

१५ ऑगस्ट

विहारापुढं झेंडा झाला. विहीर तशीच आहे. पोरांनी तिच्या काठावर बसून जिलेबी खाल्ली.

७ सप्टेंबर

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी नदीवर दोन गावांची दगडफेक, म्हणजे गोटमार झाली. त्या दिवसांत नाल्याच्या कामाला माणूस मिळाला नाही, सगळे सावरगावच्या काठावर. आज नवा पाइप आला. माझा चष्माही आला. मायनं पाहून म्हटलं, आता तरी लोकाइकडे सरळ पाय.

१७ ऑक्टोबर

अश्विन पौर्णिमा, वर्षावास संपला. दुपारी नळ सोडला. बाबांनी वसंतरावांना निरोप धाडला होता की येताना बाजार चौकातल्या नळाचंही पाणी आणा. साहेबही आले, मागं भिंतीला टेकून उभे राहिले.

नळी विहारातच मांडली. आधी बाजार चौकाचं. काठोकाठ भरलं, ज्योत होती. मग भीमटोल्याचं. मी चष्मा पुसून पाहिलं. तळाशी ज्योत होती आणि तिला टोक होतं. सगळ्यांनी पाहिलं. बाबांनी सगळ्यात शेवटी पाहिलं आणि खूप वेळ डोकं वर केलं नाही.

मग विचारलं, "दोन्ही सारखे हायेत?"

मी म्हटलं, दोन्ही पंचवीसच्या खाली आहेत.

"खाली म्हणजे किती?"

"ते मेणबत्तीले नाही समजत, बाबा."

"नको समजू दे. दोघायचं समजलं नाही तं दोघायचंबी नाही समजलं. तेही सारखंच झालं." आणि बाबा हसले. माझ्या कुठल्याच थट्टेवर न हसणारे भाऊराव मिस्त्री स्वतःच्या बोलण्यावर हसले.

कागद लिहायला बसले तर बाबा खांद्यापाशी येऊन उभे. म्हणाले, दोन्ही आकडे एकाखाली एक लिही. मी बाजार चौक लिहायला गेले तर बोटानं थांबवलं. आपला वर लिही. साहेब ऐकत होते. मी लिहिलं. भीमटोला, पंचवीसच्या खाली. बाजार चौक, पंचवीसच्या खाली. आणि सही केली.

विहीर बुजवायची नाही असं टोल्यानं आधीच ठरवलं आहे. बाबा बाहेर गेले, नळाखाली ओंजळ धरली आणि उभ्यानंच प्यायले. मी दारातून पाहत होते, इतक्या दूरून त्यांचे ओले ओठसुद्धा दिसत होते. तेवढ्यात माय ओरडली, कागद ठेव अन् आधी पाण्याचा गुंड भर, नळ जाईन.